बेत आफ्रिकेच्या जंगलाचा

आम्ही चंद्रपूरचे. ताडोबा आमच्या उशाशी. बाहेरगावचे पाहुणे घरी आले की पहिला प्रश्न विचारतात, “मग काय, वाघ रोजच दिसत असेल?” आणि आम्ही खाली मान घालून सांगतो, जंगलात आम्ही एकदाच गेलो. जिप्सी, मार्गदर्शक, प्रवेश असा सगळा हिशेब केला तर एका सकाळचा खर्च घरच्या महिन्याच्या किराण्याएवढा होतो. त्या एका सकाळी वाघ दिसलाही. पण आमच्या बाबांचे लक्ष वाघाकडे नव्हते, जिप्सीच्या स्टेअरिंगकडे होते. एकतीस वर्षे एस.टी. चालविलेला माणूस मागच्या सीटवर गप्प बसून राहिला. घरी आल्यावर म्हणाले, “गाडी आपल्या हातात असती तर बरं झालं असतं.”

आफ्रिकेचा बेत या एका वाक्यातून निघाला असे म्हटले तरी चालेल. आमच्या मुलीने, ती आता आठवीत आहे, एक दिवस शोधून काढले की दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पाहुण्याला स्वतःची किंवा भाड्याची गाडी स्वतः चालवत फिरता येते. तिथे मार्गदर्शक घेण्याची सक्ती नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर एवढा वेग पाळायचा, काचेबाहेर अंग काढायचे नाही, ठरवून दिलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरायचे नाही आणि दरवाजे बंद व्हायच्या आत छावणीत पोहोचायचे. वाहतूकही आपल्यासारखीच डाव्या बाजूने. बाबांनी हे दोनदा वाचून घेतले आणि विचारले, “लायसन चालते का?” झाले! त्या दिवसापासून आमच्या घरात वेगळा डबा सुरू झाला. आम्हा दोघांच्या पगारातून आणि बाबांच्या ठेवीच्या व्याजातून मिळून महिन्याला बारा हजार. पाच वर्षांचे सात लाख वीस हजार होतात. त्या पाच वर्षांत घराला रंग दिला नाही, दिवाळीला नवे कपडे फक्त पोरांना घेतले. नातेवाइकांनी नावे ठेवली. ठेवोत.

जाणारे आम्ही सहा जण: बाबा, बाबांची मोठी बहीण म्हणजे आमच्या आत्या, आम्ही नवरा-बायको आणि दोन मुले. मुलगा नऊ वर्षांचा, आत्या अडुसष्टच्या. हे वय मुद्दाम सांगतो आहोत, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

आता ते उद्यान केवढे आहे ते पाहा. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर, तो १७,०४८ चौरस किलोमीटरचा. म्हणजे अख्खा जिल्हा आत मावून जागा उरते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, बफर धरून, १,७०० च्या थोडा वर आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रुगरची लांबी साडेतीनशे किलोमीटर भरते. दीड हजारावर सिंह, हजारोंनी हत्ती, पक्ष्यांच्या पाचशेच्या वर जाती. वाघ मात्र एकही नाही. आफ्रिकेत रानात वाघ नसतोच, हे आमच्या धाकट्याला पटवायला दोन दिवस लागले. बिबट्या मात्र आपलाच, त्याच जातीचा. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांना तिकडे ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. हे नाव शिकाऱ्यांनी दिलेले आहे. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे, ते पाच. प्रवासी कंपन्या आज तेच नाव लावून तिकिटे विकतात.

बेत कसा ठरत गेला ते क्रमाने सांगतो. कुणाला जायचे असेल तर उपयोग होईल.

पहिला प्रश्न महिन्याचा. तिकडचे ऋतू आपल्या उलटे. आपल्याकडे मे-जूनमध्ये अंगाची लाही होते तेव्हा तिकडे हिवाळा लागतो. पाऊस ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल. हिवाळ्यात गवत वाळून बसते, झाडांची पाने झडतात, लहान डबकी आटतात, आणि जनावर नदीवर किंवा पाणवठ्यावर येते. म्हणून प्राणी पाहायचे तर मे ते सप्टेंबर. विदर्भातील शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि तिकडच्या शाळांची हिवाळी सुट्टी साधारण त्याच सुमारास लागते. तेव्हा जूनचा पहिला पंधरवडा आम्हांला नेमका सापडला. आपली पोरे मोकळी आणि तिकडची गर्दी अजून सुरू व्हायची. हिवताप पसरविणारे डासही हिवाळ्यात कमी असतात. कमी असतात म्हणजे नसतात असे नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हिवताप कुणी शिकवायला नको. गोळ्या कोणत्या आणि कधीपासून घ्यायच्या हे डॉक्टरलाच विचारावे, शेजाऱ्याला नाही. आणि आफ्रिका म्हणजे ऊन अशी समजूत असेल तर ती सोडा. जूनच्या पहाटे तिथे दहा अंशांच्या आसपास थंडी असते. स्वेटर, कानटोपी, शाल हवीच.

दुसरा प्रश्न विमानाचा, आणि इथे आम्ही पहिली ठेच खाल्ली. सर्वांत स्वस्त तिकिटे नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे दिसली. माणशी आठ-दहा हजारांचा फरक. आम्ही पैसे भरायच्या बेतात होतो. तेवढ्यात ओळखीच्या एका परिचारिकाताईंनी विचारले, “पिवळ्या तापाची लस घेतली का?” केनिया आणि इथिओपिया हे पिवळ्या तापाच्या यादीतले देश. तिथे विमान बदलले तर किती तास थांबलो, विमानतळाबाहेर पडलो की नाही, यावर नियम लागतात. परत येताना प्रमाणपत्र मागितले आणि नसले तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र आता जन्मभर चालते. तरुणांना त्यात काही अडचण नाही. पण साठीच्या पुढच्यांना ही लस पहिल्यांदाच देताना डॉक्टर विचार करतात, कारण त्या वयात क्वचित का होईना, गंभीर त्रास होण्याचा धोका वाढतो. आमच्याकडे बाबा बासष्टचे, आत्या अडुसष्टच्या. आम्ही आखातातून जाणारी महाग तिकिटे घेतली. पाच वर्षांच्या डब्यातले पन्नासेक हजार तिथेच जास्तीचे गेले, पण आत्यांच्या जिवापेक्षा ते मोठे नव्हते.

व्हिसासाठी बँकेचे तीन महिन्यांचे उतारे, परतीचे तिकीट, राहण्याची नोंदणी असे कागद लागतात. पासपोर्टवर दोन कोरी पाने हवीत आणि तिथून निघाल्यानंतर निदान तीस दिवसांची मुदत हवी. मुले बरोबर असतील तर आईबाप दोघांचीही नावे असलेला जन्मदाखला लागतो, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र. आमच्या मुलाच्या दाखल्यावर आईचे नाव एक आणि तिच्या पासपोर्टवर दुसरे! लग्नाआधीचे आणि नंतरचे. हा घोळ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असणार. प्रवासाला जा की न जा, तो आजच दुरुस्त करून ठेवा. आम्हांला चार महिने लागले.

याच कागदपत्रांच्या गडबडीत काकांचा जुना पासपोर्ट हाती आला. काका १९८५ च्या सुमारास आखातात सुतारकामाला गेले होते. त्या पासपोर्टावर सरळ लिहिलेले आहे की हा दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांसाठी वैध. मुलीने विचारले, असे का? तेव्हा तिला सांगावे लागले. १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधी, भारताने त्या देशाशी व्यापार तोडला, कारण तिथले गोरे सरकार तिथल्या भारतीयांना आणि काळ्या लोकांना माणूस मानीत नव्हते. पुढे १९४८ पासून वर्णभेद हे तिथल्या सरकारचे उघड धोरणच झाले. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, बसायची बाके वेगळी. काळ्या माणसाला गावात फिरायला पास खिशात ठेवावा लागे, नसला की तुरुंग. मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले, १९९३ साली आपले संबंध पुन्हा जुळले आणि एप्रिल १९९४ मध्ये सर्वांच्या मतदानाने निवडणूक झाली. मुलगी म्हणाली, “म्हणजे काकाआजोबांना तिकडे जायला बंदी होती, आणि आपण फिरायला चाललो.” आमच्या घरात वेगळी बाके, वेगळे पाणवठे हा विषय नवा नाही. त्यामुळे तिला फार समजवावे लागले नाही.

मग मनात आले, जंगलात तरी हा भेद होता का? जनावरे तर रंग पाहत नाहीत. आम्ही वाचू लागलो, आणि हा बेत सहलीचा न राहता घरातल्या चर्चेचा विषय झाला.

होता भेद. उद्यानात अनेक वर्षे गोरे नसलेल्यांना मुक्कामाला जागा म्हणजे बालुले नावाची एक लहानशी छावणी. बाकीच्या छावण्या गोऱ्यांच्या. बालुले आजही आहे, आता सर्वांना खुली आहे, आणि तिथे अजून वीज नाही. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रुगर यांच्या काळात १८९८ साली या भागात साबी नावाचे राखीव रान जाहीर झाले. १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नावाचा गोरा अधिकारी तिथे प्रमुख म्हणून आला आणि १९४६ पर्यंत राहिला. रान म्हणजे फक्त जनावरांचे, असे त्याचे मत. त्याने आत राहणाऱ्या लोकांची घरे उठविली. जे थोडे मागे राहिले त्यांच्याकडून जागेच्या भाड्यापोटी फुकट मजुरी करून घेतली जाई. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. तिथल्या त्सोंगा लोकांनी त्याला नाव ठेवले ‘स्कुकुझा’. अर्थ, झाडून साफ करणारा. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, दुसऱ्या वर्षी पहिल्या मोटारी आत आल्या, आणि आज उद्यानाच्या सर्वांत मोठ्या छावणीचे, जिथे बँक आहे, दुकान आहे, विमानतळ आहे, तिचे नाव स्कुकुझाच आहे. हजारो प्रवासी ते नाव रोज उच्चारतात. अर्थ किती जणांना ठाऊक असेल?

हे संध्याकाळी मोठ्याने वाचणे चालले होते. आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले आणि विचारले, “अन् तिथचे मानसं कुठी गेले बाबू?”

आत्यांचे सासर ताडोब्याच्या आतल्या एका गावात होते. गाभ्यातील नवेगाव, जामणी अशी गावे गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाहेर आली, तसे तेही आले. आत्या विधवा, मूलबाळ नाही, त्या आमच्याकडे आल्या. पैसे मिळाले, नाही असे नाही. नव्या जागी रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे, रात्री-अपरात्री वाघाची भीती नाही, हे त्या स्वतःच सांगतात. पण मोहाचे झाड कुठले, विहिरीला पाणी कसे होते, हेही त्याच सांगतात. आम्ही त्या एका सकाळी जिप्सीतून गेलो तेव्हा जिथे गवताचे मैदान होते तिथे मार्गदर्शक म्हणाला होता, “ही चांगली साइट आहे, हरणं चरायला येतात.” आत्या हळूच म्हणाल्या होत्या, “हे आमचं शेत.” गाडीत कुणी काही बोलले नाही.

तर आत्यांचा प्रश्न. तिथली माणसे कुठे गेली, हे शोधता शोधता आम्ही नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला पोहोचलो. उद्यानाच्या उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुवुवू या दोन नद्यांच्या बेचक्यात पाफुरी नावाचा मुलूख आहे. तिथे मकुलेके लोकांची वस्ती होती. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारने त्यांना तिथून हुसकावले. सुमारे तीन हजार माणसे. बंदुकीच्या धाकाने त्यांना स्वतःच्या हाताने स्वतःच्या झोपड्या पेटवायला लावल्या, असे त्या वेळी असलेल्या लोकांनी सांगून ठेवले आहे. दक्षिणेला दूर न्तलावेनी नावाच्या भागात त्यांना सोडले आणि त्यांची चोवीस हजार हेक्टरच्या आसपास जमीन उद्यानाला जोडली.

१९९४ मध्ये राज्य बदलले आणि त्याच वर्षी जमिनी परत मिळवण्याचा कायदा झाला. १९१३ नंतर वर्णभेदी कायद्यांनी ज्यांची जमीन गेली त्यांना दावा करता येऊ लागला. मकुलेकेंनी दावा केला आणि १९९८ साली जिंकले. जमिनीची मालकी त्यांच्या सामाईक संस्थेच्या नावावर झाली. पण अट अशी की पन्नास वर्षे ती जमीन रान म्हणूनच राहील. तिथे पुन्हा गाव वसवायचे नाही, शेती करायची नाही. पर्यटनाचे जे उत्पन्न येईल ते मालक म्हणून त्यांचे. त्या जमिनीवर आता खासगी महागडे मुक्काम आहेत. त्यांचे एका रात्रीचे भाडे आमच्या डब्याला झेपणारे नाही, पण त्यातला वाटा मकुलेकेंना जातो. त्यांच्या पाठोपाठ आणखी पुष्कळ लोकांनी उद्यानातील जमिनींवर दावे केले. त्यांना मात्र २००८ साली सरकारने जमीन न देता भरपाईचा मार्ग दाखविला.

आत्यांनी सगळे ऐकले. म्हणाल्या, “म्हंजे जमीन भेटली, पन रायाले नाई भेटलं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “तरी बी, सातबारा तं त्याईच्या नावानं झाला नं? मले ते जागा पाहाची हाये.”

आता अडचण अशी होती की आमचा ठरलेला बेत पाफुरीपर्यंत जातच नव्हता. एका प्रवासी कंपनीने दिलेला कार्यक्रम होता, तीन दिवस क्रुगरचा दक्षिण भाग आणि मग विमानाने केप टाउन. समुद्र, टेबल माउंटन, पोरांसाठी पेंग्विन. कंपनीच्या माणसाला विचारले तर म्हणाला, “वर काही नाही हो. सिंह-बिंह सगळं खालीच दिसतं.” त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. दक्षिणेला जनावर दाट, उत्तरेला मोपानी नावाच्या झाडांचे मैलोगणती रान आणि त्यात जनावर विरळ. साडेतीनशे किलोमीटर ५० च्या वेगमर्यादेने, थांबत-थांबत. म्हणजे चार-पाच दिवस जास्त. तेवढे दिवस आणि तेवढे पैसे आणायचे कुठून?

घरात चक्क मतदान घेतले. पोरे पेंग्विनच्या बाजूने, आत्या पाफुरीच्या. बाबा सुरुवातीला तटस्थ होते. मग त्यांच्या लक्षात आले की केप टाउन काढले तर जंगलात गाडी चालवायला तीनाऐवजी आठ दिवस मिळतात. त्यांचे मत लगेच पडले. मुलीने शेवटी बाजू बदलली, पण एका अटीवर. परतताना जोहान्सबर्गला एक दिवस सोवेटोत घालवायचा. १६ जून १९७६ ला तिथल्या शाळकरी मुलांनी, गोऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चा काढला आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन गेला. त्याच्या नावाचे संग्रहालय २००२ पासून तिथे आहे. मुलगी तेरा वर्षांची आहे. अट मंजूर झाली. धाकट्याला पेंग्विनच्या बदल्यात एक दुर्बीण कबूल केली, तरी तो दोन दिवस फुगून होता.

तेव्हा नवा बेत असा. जोहान्सबर्गच्या ऑलिव्हर टाम्बो विमानतळावर सकाळी उतरायचे. त्या दिवशी पुढे निघायचे नाही, कारण अनोळखी मुलखात रात्री गाडी चालवू नये असे सगळेच बजावतात. सीटवर पिशवी दिसेल अशी ठेवू नये, हेही बजावतात. फोर्ड्सबर्ग नावाच्या जुन्या भारतीय वस्तीत तांदूळ, डाळ, तिखट, हळद घ्यायची. इथून बियाणे, मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळे न्यायला बंदी आहे. लसणाची चटणी मात्र वहिनींनी आताच करून द्यायचे कबूल केले आहे, विमानतळावर विचारले तर दाखवू. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून चारेकशे किलोमीटरवर उद्यानाचे दक्षिण दार. जूनमध्ये दारे सकाळी सहाला उघडतात, संध्याकाळी साडेपाचला बंद होतात.

मुक्काम उद्यानाच्याच छावण्यांत. हे आपल्यासारख्यांना मोठे सोयीचे आहे. गवती छपराच्या गोल खोल्या, भांडीकुंडी, शीतकपाट, बाहेर निखाऱ्यावर भाजण्याची सोय. सामाईक न्हाणीघर आणि स्वयंपाकघर असलेल्या खोल्या आणखी स्वस्त पडतात. भात-वरण आपले आपण करायचे. फक्त माकडे आणि बबून यांच्यापासून अन्न कुलपात ठेवायचे, ते शीतकपाट उघडतात! प्रवेशशुल्क परदेशी माणसाला दिवसाला पाचशे-सहाशे रँडच्या घरात आहे. दर वर्षाला बदलतो, म्हणून निघण्याआधी ताजा पाहावा. ‘वाइल्ड कार्ड’ नावाचे वर्षाचे कार्ड मिळते. आईबाप आणि मुले असे कुटुंब आठ-दहा दिवस राहणार असेल तर ते स्वस्त पडते, एकट्याला दोन-तीन दिवसांसाठी पडत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. छावणीच्या उघड्या गाडीतून पहाटे किंवा रात्री वनरक्षकाबरोबर जाता येते, पण सहा वर्षांखालील मुलांना त्यात घेत नाहीत. आमचा धाकटा नऊचा, सुटला.

पहिल्या दोन रात्री लोअर साबी. साबी नदीकाठचा तो रस्ता जनावरांसाठी सर्वांत चांगला मानतात, आणि छावणीला लागूनच एक तलाव आहे ज्यात पाणघोडे आणि मगरी. स्कुकुझात थांबायचे ते जेवणापुरते आणि पोरांसाठी. हॅरी वोल्हुटर नावाच्या वनरक्षकाला १९०३ मध्ये सिंहाने घोड्यावरून ओढून नेले, त्याने कमरेचा चाकू काढून सिंह मारला. तो चाकू आणि ते कातडे तिथे ठेवलेले आहे. पुढच्या दोन रात्री, वाचकहो, सातारा! होय, छावणीचे नाव सातारा. जुन्या काळी जमिनीची मोजणी करणाऱ्या गोऱ्याचा मदतनीस भारतीय होता, सतरा नंबरच्या तुकड्यावर त्याने ‘सतरा’ लिहिले आणि त्याचे सातारा झाले, असे सांगतात. तो मदतनीस कोण, कुठला, नाव काय, कुणी लिहून ठेवलेले नाही. सातारच्या गवताळ रानात सिंह जास्त.

मग लेटाबा. तिथे हत्तींचे संग्रहालय आहे, जुन्या नामांकित हत्तींचे प्रचंड सुळे त्यात ठेवलेत. सुळ्यांवरून आठवले, गेंड्यांचे तिथे फार हाल झाले. २०१४ या एका वर्षात क्रुगरमध्ये आठशेवर गेंडे शिंगांसाठी मारले गेले. म्हणून गेंडा दिसला तर कुठे दिसला ते फोनवर टाकायचे नाही, असे पोरांना आतापासून सांगून ठेवले आहे. लेटाबाच्या वर रस्ता मकरवृत्त ओलांडतो. कर्कवृत्त आपण भूगोलात शिकतो, मकरवृत्तावर फोटो काढायचा. शिंगवेडझीला एक रात्र आणि शेवटच्या दोन रात्री पुंडा मारिया.

पुंडा मारियाहून पाफुरीला दिवसभरात जाऊन येता येते. लुवुवूचा पूल, पिवळ्या खोडांच्या झाडांचे बन, बाओबाबची म्हातारी झाडे. शेवटी दोन नद्या मिळतात तिथपर्यंत रस्ता जातो. पलीकडे एका बाजूला झिंबाब्वे, दुसऱ्या बाजूला मोझांबिक. तो रस्ता मकुलेकेंच्या जमिनीला लागून जातो, आणि तो कुणालाही खुला आहे, महागड्या मुक्कामाची गरज नाही. जवळच थुलामेला नावाच्या दगडी गावाचे अवशेष आहेत. तिथे १९९० च्या दशकात खणताना सोन्याचे मणी निघाले. माणसांची हाडे निघाली ती तिथल्या लोकांच्या विधीप्रमाणे पुन्हा पुरली. गोरे येण्याच्या कितीतरी आधी त्या ‘रिकाम्या’ रानात सोनार होते.

आत्यांनी तिथे नेण्यासाठी मोहाची फुले बांधून ठेवली होती. नेता येणार नाहीत म्हणून सांगितले. “मंग हात जोडून येऊ,” म्हणाल्या.

छावण्यांच्या नोंदण्या दहा महिने आधी केल्या, त्यामुळे सगळ्या मिळाल्या. राहिला गाडीचा घोळ. सहा माणसे आणि सामान, म्हणजे तिकडे ज्याला कोम्बी म्हणतात ती आठ आसनांची गाडी हवी. ती उंच असते, गवतावरून दिसते. बाबांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला, त्याची मुदत एक वर्षाची. पण गाडी भाड्याने देणारे अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर धरतात, आणि ते कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे. आमचे चालत नाही. बाबांनी जन्मात उधारी केली नाही, त्यामुळे त्यांचे कार्ड नाही, आणि बँक म्हणते निवृत्त माणसाला कार्ड हवे तर ठेव तारण ठेवा. मागच्या सोमवारी पन्नास हजारांची ठेव तारण देऊन अर्ज केला. तीन आठवड्यांत येईल म्हणतात. तोवर बाबा रोज संध्याकाळी नकाशा पसरून बसतात आणि कुठल्या छावणीत पेट्रोल मिळते त्यावर लाल खुणा करतात.